विश्लेषण : यशस्वी गेम स्टुडिओंचा ‘सुरक्षित’ डाव का फसतो?

सोनी कंपनीने २३ ऑगस्ट २०२४ रोजी ‘कॉनकॉर्ड’ हा व्हिडीओ गेम बाजारात आणला आणि ६ सप्टेंबरला तो बंद केला. अनेक वर्षांचे काम १४ दिवसांत गुंडाळले गेले. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी हा गेम तयार करणारा ‘फायरवॉक’ स्टुडिओही बंद करत असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीनेच प्रकाशित केलेल्या ‘हेलडायव्हर्स २’ या गेमची किंमतही तेवढीच, म्हणजे ४० डॉलर होती. त्याच्या १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या. पहिला गेम मळलेल्या वाटेने गेला होता, तर दुसरा बराच विक्षिप्त होता. मग यातला जोखमीचा गेम कोणता म्हणायचा? गेल्या काही वर्षांत नामवंत स्टुडिओंचे जे झाले, ते पाहता या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

दोन गेमची गत इतकी वेगळी का?

‘कॉनकॉर्ड’ हा ‘हीरो शूटर’ प्रकारातील गेम. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ, प्रत्येकाने निवडलेले वेगळ्या शक्तीचे पात्र आणि समोरासमोर गोळीबार असे त्याचे स्वरूप. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘ओव्हरवॉच’ने २०१६ मध्ये हा प्रकार घरोघरी पोहोचवला. कागदावर पाहिले तर सोनीचे गणित चुकीचे नव्हते. प्रकार लोकांना आवडतो हे सिद्ध झाले होते, खेळणारे कोट्यवधी होते आणि एकदा जम बसला की वर्षानुवर्षे उत्पन्न मिळणार होते. पण २०२४ उजाडेपर्यंत ‘ओव्हरवॉच २’, ‘व्हॅलोरंट’, ‘एपेक्स लेजंड्स’ हे सगळे फुकट खेळता येत होते. खेळाडूंचे मित्र, त्यांच्या सवयी, वर्षानुवर्षे जमवलेले पोशाख आणि बिरुदे तिथेच होती. त्यांनी तिथून उठावे आणि वर ४० डॉलर मोजावेत, असे काही ‘कॉनकॉर्ड’मध्ये त्यांना दिसले नाही.

‘हेलडायव्हर्स २’ हा स्टॉकहोममधील ‘अ‍ॅरोहेड’ स्टुडिओचा गेम. चार जण मिळून परग्रहावरील किडे आणि यंत्रमानवांशी लढतात. पण यात मित्राची गोळी मित्रालाही लागते. आकाशातून बॉम्ब मागवायचा तर ऐन धुमश्चक्रीत बाणांची बटणे ठरावीक क्रमाने दाबावी लागतात. तो बॉम्ब अनेकदा आपल्याच सोबत्यांच्या डोक्यावर पडतो आणि खेळणारे हसून बेजार होतात. खेळाडूला त्रास होईल असे काही ठेवू नये, असा नियम मानणाऱ्या एखाद्या समितीने या दोन्ही गोष्टी पहिल्याच बैठकीत काढून टाकल्या असत्या.

हा विक्षिप्तपणा मात्र एका रात्रीत सुचलेला नव्हता. याच स्टुडिओच्या २०११ मधील ‘मॅजिका’ या छोट्या गेममध्ये जादूगार चुकून एकमेकांनाच जाळत असत. २०१५ मध्ये आलेला पहिला ‘हेलडायव्हर्स’ वरून दिसणाऱ्या साध्या दृश्यात खेळायचा होता. दुसऱ्या भागाला सुमारे आठ वर्षे लागली, तो काही स्वस्तात झाला नाही. पण त्याचा गाभा आधीच्या लहान गेममध्ये तावून-सुलाखून निघाला होता. त्यामुळे ‘अ‍ॅरोहेड’ने मोठा डाव लावला तो स्वतः तपासून पाहिलेल्या कल्पनेवर, तर ‘कॉनकॉर्ड’चा मोठा डाव होता दुसऱ्याने सिद्ध केलेल्या बाजारावर.

मोठ्या कंपन्या जुन्याच वाटेने का जातात?

याचे पहिले कारण खर्च हे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हिजन खरेदीवरून अमेरिकेत २०२३ मध्ये चाललेल्या न्यायालयीन लढाईत सोनीची काही कागदपत्रे नीट न झाकताच उघड झाली. त्यांतून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ साठी सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’साठी सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर खर्च झाल्याचे समजले. तेव्हाच्या दराने हा प्रत्येकी १,७०० ते १,८०० कोटी रुपयांच्या घरातला आकडा आहे. शेकडो माणसे चार-पाच वर्षे राबतात तेव्हा कुठे असा एक गेम तयार होतो.

एवढी रक्कम मंजूर करणाऱ्याच्या मनात साहजिकच एकच प्रश्न असतो : हे आधी कुठे चालले आहे? या प्रश्नाचे उत्तर नेहमी भूतकाळातच सापडते. आज लोकप्रिय असलेला गेम चार-पाच वर्षांपूर्वी कोणाला तरी सुचलेला असतो. त्याच्यासारखा गेम आज करायला घेतला, तर तो बाजारात येईपर्यंत आणखी चार-पाच वर्षे जातात. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीच्या कल्पनेवर पुढच्या पाच वर्षांचे पैसे लागतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी याला सरळ ‘टाइम लॅग’ म्हणेल. मोजमाप अचूक असते, पण ते शिळे झालेले असते.

सोनीचे नियोजनच याची साक्ष देते. एकदाच विकून न थांबता सतत नवा मजकूर देत चालणाऱ्या ‘लाइव्ह सर्व्हिस’ गेमचा २०२२ मध्ये मोठा बोलबाला होता. मार्च २०२६ पर्यंत असे दहाहून अधिक गेम आणण्याचा मनोदय सोनीने तेव्हा जाहीर केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने सांगितले की, १२ पैकी सहाच गेम त्या मुदतीत येतील. त्यानंतरच्या महिन्यात ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम रद्द झाला. पुढच्या वर्षी ‘कॉनकॉर्ड’ गेला. लाट ओसरत असताना होड्या पाण्यात लोटण्याचाच हा प्रकार होता.

स्टुडिओ कसबी असला तरी तो का अडखळतो?

दुसरे कारण माणसांशी संबंधित आहे. लंडनच्या ‘रॉकस्टेडी’ स्टुडिओने २००९, २०११ आणि २०१५ मध्ये बॅटमॅनवरील ‘आर्खम’ मालिकेचे तीन गेम केले. एकट्याने खेळायचे, गोष्टीत बांधून ठेवणारे आणि मारामारीची नवी लय देणारे गेम ही त्यांची ओळख. त्यातील मारामारीच्या पद्धतीची नक्कल नंतर कित्येकांनी केली. मात्र याच स्टुडिओचा पुढचा मोठा गेम नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. ‘सुसाइड स्क्वाड : किल द जस्टिस लीग’ हा चार जणांनी मिळून खेळायचा, बंदुका आणि बक्षिसांच्या चक्रावर चालणारा ‘लाइव्ह सर्व्हिस’ गेम होता. स्टुडिओचे दोन्ही संस्थापक २०२२ च्या अखेरीस बाहेर पडले होते. गेम पडला आणि वॉर्नर ब्रदर्सच्या २०२४ च्या पहिल्या तिमाहीत सुमारे २० कोटी डॉलरचा फटका नोंदवला गेला.

अमेरिकेतील ‘अर्केन ऑस्टिन’ची गोष्टही याच वळणाची. ‘प्रे’ (२०१७) सारखा गुंतागुंतीचा, एकट्याने विचार करत खेळायचा गेम करणाऱ्या या स्टुडिओकडून मे २०२३ मध्ये ‘रेडफॉल’ हा चौघांनी खेळायचा गोळीबाराचा गेम आला आणि तो सपशेल आपटला. ‘ब्लूमबर्ग’च्या वृत्तानुसार ‘प्रे’वर काम केलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक ‘रेडफॉल’ पूर्ण होईपर्यंत स्टुडिओ सोडून गेले होते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओच बंद केला.

या दोन्ही ठिकाणी स्टुडिओने नवे काही केले नाही असे नाही. त्यांच्यासाठी हा प्रकार पूर्ण नवाच होता. पण ते नावीन्य त्यांच्या स्वतःच्या कुतूहलातून आले नव्हते, ते बाजाराच्या कलातून आले होते. सतारवादकाच्या हातात ढोल दिला तर त्याला ‘प्रयोग’ म्हणता येईल, पण त्यात सतारीची तालीम कामी येत नाही. शिवाय ज्यांच्या बोटांत ती तालीम होती, तेच उठून गेले. ज्या निर्णयाला हिशेबाच्या कागदावर ‘सुरक्षित’ म्हटले गेले, त्यानेच स्टुडिओचे सर्वात मोठे भांडवल संपवले.

निन्टेंडोने अपयश कसे पचवले?

जपानच्या निन्टेंडोचे उदाहरण वारंवार दिले जाते, पण बहुतेकदा अर्धवट. कंपनीच्या ‘वी’ या उपकरणाची विक्री दहा कोटींवर गेली होती. त्यानंतर २०१२ मध्ये आलेले ‘वी यू’ मात्र जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबले. तोटा दिसू लागला, गुंतवणूकदार कर्मचारी कपातीबद्दल विचारू लागले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१३ मध्ये भागधारकांना सांगितले की, थोड्या काळासाठी आकडे सुधारायला माणसे कमी केली तर उरलेल्यांचे मनोबल खचेल आणि भीतीच्या सावटाखाली चांगले काम होणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला आणि इतर वरिष्ठांनीही कपात सोसली.

याच पडत्या काळात कंपनीतील तुलनेने तरुण चमूने पांढऱ्या चौकोनी ठोकळ्यांचा एक नमुना तयार केला. टोफूसारखे दिसणारे ते ठोकळे एकमेकांवर शाई उडवत आणि जमीन रंगवत. त्यातून २०१५ मध्ये ‘स्प्लॅटून’ आला. गोळीबाराच्या गेममध्ये शत्रूला टिपण्याऐवजी जमीन रंगवण्याला महत्त्व देणारी ही कल्पना पुढे कंपनीची मोठी मालिका ठरली. ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) करताना चमूने आधी १९८६ च्या मूळ ‘झेल्डा’सारखा सपाट, द्विमितीय नमुना बनवला. झाडाला आग लागली तर काय होईल, ओंडका पाण्यात पडला तर काय होईल, हे त्या साध्या चित्रांत तपासले आणि मगच डोंगरदऱ्यांचे भव्य जग उभे केले. त्याच वर्षी आलेल्या ‘स्विच’ उपकरणाची विक्री पुढे १५ कोटींच्या वर गेली. ते यश पाहायला इवाता नव्हते. जुलै २०१५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

निन्टेंडोकडे पूर्वीच्या यशाची भक्कम गंगाजळी होती, हे इथे विसरून चालणार नाही. सगळ्यांना असा पगार कापून धीर धरता येत नाही. पण पैसा इतर बड्या कंपन्यांकडेही होता आणि अपयशानंतर तो कशावर खर्च करायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. निन्टेंडोने तो माणसे टिकवण्यावर केला, म्हणून ‘वी यू’तून शिकलेले लोक ‘स्विच’च्या वेळी जागेवर होते.

अपयश स्वस्तात कसे पडते?

हेलसिंकीतील ‘सुपरसेल’ ही ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ची कंपनी. तिथे पाच-दहा माणसांचे गट, ज्यांना ते ‘सेल’ म्हणतात, स्वतंत्रपणे गेम करतात. गेम पुढे न्यायचा की थांबवायचा, हा निर्णयही तो गटच घेतो. थांबवलेल्या गेमसाठी शॅम्पेन उघडण्याची तिथली प्रथा बरीच गाजली. दारूची बाटली उघडणे सोपे असते. खरी गोष्ट अशी की गेम थांबवल्यावर त्या माणसांची नोकरी जात नाही, ती दुसऱ्या कल्पनेला लागतात. ‘स्मॅश लँड’, ‘रश वॉर्स’, ‘क्लॅश क्वेस्ट’ असे कितीतरी गेम काही देशांत चाचणीसाठी आणून बंद केले गेले. ‘ब्रॉल स्टार्स’ जून २०१७ पासून चाचणीत होता. उभा फोन धरून खेळायचा गेम आडवा झाला, बरेच काही मोडून पुन्हा जोडले गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो जगभर आला.

सॅन फ्रान्सिस्कोतील ‘डबल फाइन’ची पद्धत आणखी मजेदार. ‘ब्रूटल लेजंड’ या मोठ्या गेमचे काम चालू असतानाच संस्थापक टिम शेफर यांनी सगळ्यांना दोन आठवडे ते विसरायला सांगितले. लहान गट करून प्रत्येकाने एक नवा गेम करून दाखवायचा होता. ‘अ‍ॅम्नेशिया फोर्टनाइट’, म्हणजे विस्मृतीचा पंधरवडा, असे त्याचे नाव. तेव्हा ती चैन वाटली असेल. पण २००९ मध्ये ‘ब्रूटल लेजंड’च्या पुढच्या भागाला प्रकाशकाने नकार दिला आणि स्टुडिओच्या तोंडचे पाणी पळाले, तेव्हा हेच नमुने कामी आले. त्यांतून ‘कॉस्च्यूम क्वेस्ट’, ‘स्टॅकिंग’ यांसारखे चार छोटे गेम निघाले, ते वेगवेगळ्या प्रकाशकांनी घेतले आणि स्टुडिओ वाचला.

यामागचे गणित साधे आहे. समजा एका स्टुडिओकडे १०० रुपये आहेत. सगळे एकाच गेमवर लावले आणि तो पडला, तर स्टुडिओ संपला. त्याऐवजी २० रुपयांत दहा ओबडधोबड नमुने केले, त्यातले आठ टाकून दिले, उरलेल्या दोनांवर आणखी २० रुपये लावले आणि शेवटी एकावर ६० रुपये खर्च केले, तर मोठी रक्कम पणाला लागण्यापूर्वी नऊ कल्पना गळालेल्या असतात. यश तरीही हमखास नाही. पण चूक कळते ती दोन रुपये गेल्यावर, शंभर गेल्यावर नाही.

मोठी झेप एकाच उडीत घेता येते का?

‘एल्डन रिंग’ (२०२२) आणि ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) या गेमकडे धाडसाचे नमुने म्हणून पाहिले जाते. जवळून पाहिले तर दोन्ही गेम पायऱ्यांनी चढून आलेले दिसतात.

टोकियोतील ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’मध्ये हिदेताका मियाझाकी यांनी ‘डेमन्स सोल्स’ हाती घेतला तेव्हा तो रखडलेला, कंपनीत कोणालाच फारशी आशा नसलेला प्रकल्प होता. तो आधीच अपयशी मानला जात असल्याने आपल्याला हवे ते करता आले, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. पावलोपावली मरायला लावणारा हा गेम २००९ मध्ये जपानमध्ये आला. सोनीने तो अमेरिकेत प्रकाशित करायचे नाकारले आणि दुसऱ्या प्रकाशकाने ती संधी साधली. त्यानंतर ‘डार्क सोल्स’, ‘ब्लडबोर्न’, ‘सेकिरो’ असे एकेक गेम आले. प्रत्येकात गाभा तोच आणि एखाद-दुसरी गोष्ट नवी. ‘एल्डन रिंग’चे खुले, अफाट जग आले ते १३ वर्षांच्या सरावानंतर. त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्यावरही स्टुडिओने लगेच त्याहून मोठा दुसरा भाग काढला नाही. २०२५ मध्ये त्याच सामग्रीचा वापर करून तिघांनी मिळून खेळायचा ‘नाइटरेन’ हा तुलनेने लहान प्रयोग एका दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाती दिला.

बेल्जियममधील ‘लॅरियन’ १९९६ पासूनचा स्टुडिओ. प्रकाशकांच्या अटींवर काम करून तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत गेला होता. २०१३ मध्ये त्याने थेट खेळाडूंकडून वर्गणी मागितली. सुमारे साडेनऊ लाख डॉलर जमले आणि ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’ तयार झाला. दुसऱ्या भागासाठी २० लाख डॉलरहून अधिक वर्गणी आली. आळीपाळीने चाल खेळण्याची ही पद्धत तेव्हा जुनाट मानली जात होती. ‘बाल्डर्स गेट ३’चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्येच अपूर्ण अवस्थेत विकायला ठेवला गेला आणि पुढची जवळपास तीन वर्षे लोक काय निवडतात, कुठे अडतात हे पाहून गेम घडत गेला. प्रमुख पुरस्कार मिळवूनही मार्च २०२४ मध्ये संस्थापक स्वेन विंके यांनी चौथा भाग करणार नसल्याचे जाहीर केले. हमखास पैसा देणारी मालिका सोडणे कंपनीला शक्य झाले, कारण तिचे नियंत्रण संस्थापकांच्या हाती आहे. दर तिमाहीला शेअर बाजाराला उत्तर द्यावे लागत असते, तर हा निर्णय इतका सहज झाला नसता.

म्हणजे नावीन्य आणले की यश ठरलेलेच?

तसे म्हणणे ही फसवणूक ठरेल. ‘हाय-फाय रश’चे उदाहरण समोर आहे. भयपटाच्या धाटणीचे गेम करणाऱ्या टोकियोच्या ‘टँगो गेमवर्क्स’ने जानेवारी २०२३ मध्ये कसलीही पूर्वसूचना न देता, गाण्याच्या ठेक्यावर मारामारी करायचा हा रंगीबेरंगी गेम आणला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. एप्रिल २०२४ मध्ये त्याला अ‍ॅनिमेशनसाठी ‘बाफ्टा’ मिळाला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘अर्केन ऑस्टिन’सोबत हा स्टुडिओही बंद करत असल्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या ‘क्राफ्टन’ने चमू आणि गेमचे हक्क घेतले म्हणून त्याला जीवदान मिळाले. ‘रेडफॉल’ पडला आणि ‘हाय-फाय रश’ गाजला, पण दोन्ही करणाऱ्यांना एकाच दिवशी एकच निरोप मिळाला. अशा वेळी बाकीच्या स्टुडिओंनी जोखीम घेण्यापासून काय बोध घ्यायचा?

‘सुपरसेल’ची पद्धतही रामबाण नाही. ‘ब्रॉल स्टार्स’नंतर पाच वर्षांहून अधिक काळ कंपनीने एकही नवा गेम जगभर आणला नाही. प्रत्येक कल्पनेला आधीच्या विक्रमी गेमची फूटपट्टी लावली की चांगल्या कल्पनाही खुज्या दिसतात. मे २०२४ मध्ये आलेल्या ‘स्क्वाड बस्टर्स’चा विकासही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवल्याचे जाहीर झाले. गेम बंद करण्याची सवय आणि गेम वाढू देण्याचा धीर यांत तोल लागतो. तो ‘सुपरसेल’लाही नेहमी साधलेला नाही.

शिवाय चर्चा होते ती टिकलेल्यांचीच. वेगळे काही करू पाहणारे शेकडो छोटे स्टुडिओ दरवर्षी निमूटपणे बंद होतात आणि त्यांच्यावर लेख येत नाहीत. त्यामुळे ‘धाडस करा, यश मिळेल’ हा सल्ला पोकळ आहे. या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष अधिक मर्यादित, पण जास्त उपयोगी आहे. नवे सुचण्याची वानवा कुठेच नसते. ते नवे फसले तर किती पैसे जातील, ते केव्हा कळेल आणि त्यानंतर माणसे कामावर राहतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या स्टुडिओकडे आहेत, तोच पुन्हा पुन्हा प्रयोग करू शकतो. धाडस हा स्वभावाचा भाग कमी आणि व्यवस्थेचा भाग जास्त आहे.

ही व्यवस्था मोठ्या कंपनीत सापडली नाही की माणसे बाहेर पडून ती उभी करतात. फ्रान्सच्या माँपेलिए शहरातील ‘सँडफॉल’ हा स्टुडिओ युबिसॉफ्ट सोडलेल्या गियोम ब्रोश यांनी सहकाऱ्यांसह सुरू केला. सुमारे ३० जणांच्या मुख्य चमूने, बाहेरच्या काही कलाकारांची मदत घेऊन, ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ केला. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या गेमच्या तीन दिवसांत दहा लाख प्रती विकल्या गेल्या आणि डिसेंबरमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमसह त्याने नऊ पुरस्कार घेतले. बड्या प्रकाशकांनी जुनाट ठरवलेल्या आळीपाळीच्या लढाईवरच तोही उभा आहे.

पुण्याचा या चर्चेशी काय संबंध?

संबंध थेट आहे. पुणे हे देशातील गेम उद्योगाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. इथले आणि मुंबईतले तरुण जगातल्या मोठमोठ्या गेमसाठी पात्रे, इमारती, हालचाली तयार करतात, चाचण्या करतात. मात्र गेम कोणता करायचा, हे बहुतेकदा दुसऱ्या देशात ठरते. सॉफ्टवेअर सेवाक्षेत्रातील जुनेच चित्र इथेही दिसते : कौशल्य आपले, निर्णय दुसऱ्याचा.

युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती सोपवल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा इथे आनंद होणे साहजिक होते. पहिल्या झलकीवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेले आणि अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो गेमच रद्द केला. दोष कुणाचा, हा वेगळा विषय. पण २००३ मधल्या एका लाडक्या गेमशी तुलना होणार हे ठाऊक असलेले काम ही ज्यांची पहिली मोठी परीक्षा ठरते, त्यांना लहान प्रयोगांत चुकून शिकायची संधी मिळतच नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चे. या छोट्या स्टुडिओने पहाडी लघुचित्रांची रंगसंगती, राजस्थानी वास्तुरचना आणि छायाबाहुल्यांच्या खेळाची शैली वापरून ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. लोकवर्गणीचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही, तरी काम थांबले नाही. २०२० मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पुण्यात बसून स्वतःची गोष्ट जगाला सांगता येते, हे त्याने दाखवले. पण असे एखादेच नाव वारंवार घ्यावे लागणे हीच खरी अडचण आहे.

यातून सरकारने आणि उद्योगाने काय घ्यावे?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. मुंबईत या क्षेत्राच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र अशा धोरणांचे मोजमाप सहसा गुंतवणुकीचे आकडे, संकुलांचे चौरस फूट आणि रोजगारांची संख्या यांतच होते. त्या फूटपट्टीने पाहिले तर एका परदेशी कंपनीचे हजार माणसांचे सेवाकेंद्र हे दहा माणसांच्या शंभर स्टुडिओंपेक्षा केव्हाही सोयीचे दिसते. त्यातून नोकऱ्या मिळतील आणि त्या हव्याच आहेत. पण परदेशातील मुख्यालयाचा एक ‘सुरक्षित’ डाव फसला की पहिली कुऱ्हाड अशाच केंद्रांवर पडू शकते. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातून १,९०० आणि सोनीने फेब्रुवारीत सुमारे ९०० जणांची कपात जाहीर केली, तेव्हा कोणत्या माणसाने किती चांगले काम केले याला फारसा अर्थ उरला नव्हता.

म्हणून निधीचा थोडा तरी भाग नमुन्यांसाठी राखून ठेवायला हवा. तीन-चार जणांच्या गटाला सहा महिने पुरेल एवढे पैसे, शेवटी खेळून पाहता येईल असा नमुना आणि तो फसला तरी पुन्हा अर्ज करण्याची मुभा. असे पन्नास नमुने झाले तर चाळीस-पंचेचाळीस टाकून द्यावे लागतील. लेखापरीक्षकाला तो अपव्यय वाटेल, विरोधकांना मुद्दा मिळेल. पण ‘स्प्लॅटून’चे पांढरे ठोकळेही सुरुवातीला टाकाऊच दिसले असते. त्या पंचेचाळीस गटांतली माणसे काहीतरी शिकून पुण्या-मुंबईतच राहिली, तर तो पैसा बुडाला असे म्हणता येणार नाही.

नामवंत स्टुडिओंसमोरचा प्रश्नही यापेक्षा वेगळा नाही. खर्च कमी होण्याची चिन्हे नाहीत आणि खेळाडूंचा वेळ तेवढाच आहे. पुढचा ‘कॉनकॉर्ड’ आज कुठे तरी आकाराला येत असेल आणि त्याच्या सादरीकरणात हा प्रकार किती लोकप्रिय आहे याचा आलेखही असेल. तो पाहणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ही कल्पना आपल्याच माणसांनी, कमी पैशांत, आधी कधी खेळून पाहिली आहे का? त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आलेख कितीही चढता असला तरी तो डाव सुरक्षित नाही.